ओझर

ओझर : महाराष्ट्र राज्याच्या नाशिक जिल्ह्यातील विमाननिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले गाव. हे निफाड तालुक्यात, नाशिकच्या ईशान्येस सु. २० किमी. अंतरावर, मुंबई–आग्रा महामार्गावर बाणगंगा नदीकाठी वसले आहे. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे ओझर पुणे जिल्ह्यात असून ते याहून वेगळे. प्रस्तुत गाव ‘ओझर मिग’ या नावाने ओळखले जाते. शेजारच्या एका गावासही साकोरे मिग म्हणतात. मिकोयान व गुरेविच या सोव्हिएट अभिकल्पकांच्या नावांवरून बनलेली ही संज्ञा येथील ग्रामनामांत रुळली आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरील हा प्रदेश काळ्या जमिनीचा व बराचसा सपाट आहे. द्राक्षे, कांदा, गहू व भाजीपाला ही परिसरातील प्रमुख पिके होत. जवळच पिंपळगाव बसवंत ही मोठी बाजारपेठ आहे. ओझरचे ग्रामदैवत खंडोबा असून चंपाषष्ठीस त्याची यात्रा भरते व त्या वेळी बारागाडे ओढण्याची प्रथा पाळली जाते.

या कृषिप्रधान गावाच्या जीवनास १९६४ मध्ये नवे वळण मिळाले. भारताने १९६२ मध्ये मिग–२१ विमानांच्या खरेदीविषयी व देशांतर्गत उत्पादनाविषयी सोव्हिएट संघाशी करार केला. त्याच वर्षी झालेल्या चिनी आक्रमणामुळे लढाऊ विमानांच्या निर्मितीची निकड अधिक तीव्र झाली. उत्पादनाचे काम तीन ठिकाणी विभागण्यात आले : विमानाचा सांगाडा व अंतिम जुळणी ओझर येथे, एंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबाद येथे. यासाठी १९६३ मध्ये स्थापन झालेली एअरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हे १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते.

इंग्लंडमधील फार्नबरोशी ओझरची तुलना उद्‍बोधक ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी लष्कराचा बलून-कारखाना तेथे आला आणि १९०८ मध्ये सॅम्युएल कोडी याने तेथूनच ब्रिटनमधील पहिले यंत्रचलित विमानोड्डाण केले. फार्नबरो प्रयोगांतून वाढत गेले. ओझर येथे मात्र पूर्ण सिद्ध झालेले विमान प्रथम आले व त्यामागील विद्या क्रमाने आत्मसात करावी लागली. आरंभी आयात भागांची केवळ जुळणी होई. पुढे एकेक भाग येथे बनू लागला आणि १९७० मध्ये कच्च्या मालापासून तयार केलेले पहिले मिग–२१ हवाई दलास मिळाले. त्यानंतर मिग–२७ व २००४ पासून सुखोई–३० एमकेआय या विमानांची निर्मिती झाली. ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या सुखोईचे पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी येथूनच झाले. हवाई दलाचे लढाऊ विमानांच्या दुरुस्तीचे केंद्रही ओझर येथे आहे.

कारखाना, ३,००० मी. लांबीची धावपट्टी व कर्मचारी वसाहत यांसाठी परिसरातील शेतजमीन घेण्यात आली. महामार्गाच्या एका बाजूस जुने गाव व दुसरीकडे आखीव रस्त्यांची, झाडीची वसाहत, असे गावाचे दुहेरी स्वरूप त्यातून तयार झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील तंत्रज्ञ येथे स्थायिक झाले, तर परिसरातील तरुणांना कारागिरीची नवी वाट मिळाली. परंतु या उद्योगाचा प्रमुख ग्राहक हवाई दल हाच असल्याने एका विमानप्रकाराची मागणी संपून दुसरीची येईपर्यंतचा काळ कामगार व लहान पूरक उद्योग यांना चिंतेचा ठरतो.

गावाचा दुसरा आधार पाणी हा होय. वाघाड प्रकल्पाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकास असल्याने ओझरच्या शिवारास पुरेसे पाणी पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० नंतर येथे पाणीवापर सहकारी संस्था स्थापन झाल्या. पाणी मोजून घेणे, पाळ्या ठरविणे व पाणीपट्टी वसूल करणे ही कामे शेतकरी स्वतः करू लागले. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन अशा संस्थांच्या महासंघाकडे आले. कारखान्याचे काम दूरच्या निर्णयांवर अवलंबून राहिले, तरी पाण्याचा निर्णय अशा रीतीने गावकऱ्यांच्या हाती आला.

नागरी प्रवाशांसाठी ओझर विमानतळावर २०१४ मध्ये स्वतंत्र इमारत उभी राहिली. ग्रामपंचायतीच्या जागी नगर परिषदही आली. मिग–२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, ओझर येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क–१ए विमानाने उड्डाण केले. एचटीटी–४० या प्रशिक्षण-विमानाच्या उत्पादनाची सोयही त्याच दिवशी सुरू झाली. ही दोन्ही विमाने भारतीय अभिकल्पाची आहेत. सहा दशके परक्या आराखड्यांवर हात बसविलेल्या या गावाच्या वाटचालीतील हा महत्त्वाचा टप्पा होय.