विष ठरलेलं लोखंड

म्हैसूरहून शिवसमुद्रम फार लांब नाही. तिथल्या कावेरीच्या धबधब्यावरची वीज ३० जून १९०२ रोजी निघाली, ती थेट १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे. योजना आखणारे जोली द लोत्बिनियेर रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी. (फौजी माणूस भेटला की मी जरा रेंगाळतो, तेवढं चालवून घ्या.)

त्या विजेनं खडक फुटला. विजेनं पाणीही फुटतं, हे निकल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये १८०० सालीच दाखवलं होतं. मग हायड्रोजन आपण पाण्यापासूनच का नाही केला? केला होता. भाक्रा धरणाच्या विजेवर पंजाबात नांगलचा खत कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला. पाणी फोडून हायड्रोजन, त्यापासून अमोनिया आणि जोडीला जड पाणी. पुढे विजेला गिऱ्हाइकं वाढली, तुटवडा पडला आणि कारखाना तेलाकडे वळला.

दुखणं विजेच्या खर्चाचंच. एक किलो हायड्रोजनला सिद्धांताप्रमाणे सुमारे ३९ युनिटं पुरावीत, प्रत्यक्षात ५०च्या आसपास लागतात. या गळतीचा मोठा वाटा ऑक्सिजन निघतो त्या पट्टीवर, म्हणजे धन ध्रुवावर जातो.

आता लोखंडाकडे येऊ. अल्कलीवर चालणाऱ्या निकेलच्या बॅटऱ्या बनवणारे लोखंडाला विष म्हणत. निकेलच्या पट्टीत ते जरा जरी शिरलं, की चार्जिंग बाजूला राहून ऑक्सिजनचे बुडबुडे सुटायचे. बॅटरीवाल्यांची तक्रार रास्तच होती, पण पाणी फोडणाऱ्याला हवेत तेच बुडबुडे! १९८७ मध्ये जनरल मोटर्सच्या डेनिस कॉरिगन यांनी मोजून दाखवलं, की निकेल ऑक्साइडमधली लोखंडाची भेसळच हे काम सोपं करते. तरी श्रेय बरीच वर्षं निकेलच्याच नावावर राहिलं. २०१४ मध्ये ऑरेगन विद्यापीठातल्या बोएचर यांच्या गटानं पोटॅशच्या द्रावणातलं लोखंड काढून टाकलं, तेव्हा शुद्ध निकेल अगदीच सुमार ठरलं. बाजारातल्या पोटॅशमध्ये लोखंडाचा अंश असतोच. इतकी वर्षं काम तोच करत होता.

आम्लावर चालणाऱ्या यंत्रात लोखंड विरघळतं, तिथे दुर्मीळ इरिडियम लागतं. म्हणून हे प्रकरण अल्कलीच्या यंत्रांपुरतं.

भारताच्या हरित हायड्रोजन अभियानाचं २०३०चं लक्ष्य वर्षाला ५० लाख टन आहे. किलोला ५० युनिटं धरली तर २५,००० कोटी युनिटं होतात. किलोमागे दोन युनिटं वाचली तरी वर्षाला १,००० कोटी. मात्र अल्कलीतही हे लोखंड पट्टीवरून हळूहळू सुटत राहतं. म्हणून द्रावणात त्याचा थोडा अंश मुद्दाम ठेवून झीज भरून काढता येते का, यावर सध्या प्रयोगशाळांत काम चाललं आहे.