तारप्याचा हंगाम

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर लग्नसराईत आता कीबोर्ड वाजतो. शेजारी ऑक्टोपॅड, मागे मोठाले स्पीकर, आणि कीबोर्डवर जी चाल चाललेली असते ती पुष्कळदा तारप्याची असते. चाल तारप्याची, आवाजही तारप्याशी मिळताजुळता, पण तारपा कुठेच नाही. यंत्र आलं आणि वाद्य गेलं, असं म्हणून हळहळणारे खूप आहेत. वारली चित्रांच्या ओढीने मुंबई-पुण्याहून इकडे येणाऱ्यांना तर हे म्हणणं लगेच पटतं. मला ते पुरेसं वाटत नाही. तारप्याचा इतिहास या भागातल्या मजुरीच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचला, तर त्याची खरी अडचण यंत्राची नसून हंगामाची आहे, असं दिसतं.

आधी वाद्यच पाहू. वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि नळ्यांच्या पुढे ताडाची पानं गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. नळ्यांच्या आतल्या टोकांना बारीक जिभा असतात, पण त्या भोपळ्याच्या पोटात असल्याने वाजवणाऱ्याच्या ओठांना लागत नाहीत. तो गाल फुगवून भोपळ्यात हवा भरत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही. दोन नळ्यांचे सूर तंतोतंत एक कधीच लागत नाहीत. ते किंचित फरकाने एकमेकांवर आदळतात आणि त्यातून तारप्याचा तो दाट, थरथरता नाद उठतो. गिटारवाल्यांना हाच दाटपणा विजेकडून मिळवावा लागला. 1972 साली जपानमध्ये स्थापन झालेल्या रोलंड कंपनीने 1976 मध्ये बॉस या नावाखाली सीई-1 हे कोरस पेडल बाजारात आणलं. आलेल्या सुराची प्रत काढायची, ती जराशी हलती ठेवायची आणि मूळ सुरात मिसळायची, एवढंच त्याचं काम. 1985 चा ऑक्टोपॅडही याच कंपनीचा. 1991 पूर्वी आयातीवर कडक बंधनं होती. तेव्हा असली परदेशी यंत्रं आपल्याकडे बरीचशी परदेशवारी करणाऱ्यांच्या सामानातून येत, आणि ज्याच्या हाती ती पडत त्याचा भाव वधारे. आज ती तालुक्याच्या गावातल्या मांडवापर्यंत पोचली आहेत. नादाच्या बाबतीत तारपा आणि यंत्र यांच्यात मुळात वैर नाही. कीबोर्डने तारपा उचलला, कारण तो उचलण्यासारखा होता.

यावर कोणी म्हणेल की मग तक्रार कशाची? सूर तर जिवंत आहे, तरुण पोरंपोरी त्यावर नाचतात. हा आक्षेप वजनदार आहे, आणि या संगीताला हलकं लेखणं हा शहरी उद्दामपणा आहे, असं मी मानतो. पण तारपा नुसता सूर नव्हता. तारपकरी मधोमध चालत असतो, कमरेला हात घालून जोडलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती फिरते, आणि त्याने चाल बदलली की रांग फिरण्याची दिशा बदलते. नाचणाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ करायची नाही, असा रिवाज आहे. म्हणजे वाजवणं ही एक प्रकारची आज्ञा होती, आणि ती देणारा माणूस नाचणाऱ्यांच्या पावलांकडे बघत होता. कीबोर्ड वाजवणाराही बघू शकतो, हे कबूल. पण तो स्पीकरशी आणि ठरलेल्या ठेक्याशी बांधलेला असतो, आणि पेनड्राइव्हवरचं गाणं तर कोणाकडेच बघत नाही. दुसरा फरक वेळेचा. तारपा प्रामुख्याने भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचा. नवं धान्य देवाला दाखवायचं, मग खायचं, आणि त्या रात्रींना तारपा. लग्नातला मान ढोल-सनईचा आणि लग्न लावणाऱ्या धवळेरीच्या गाण्यांचा. तेव्हा मांडवात तारपा नाही म्हणून रडण्यात अर्थ नाही. मांडव हे त्याचं घर कधी नव्हतंच.

आता हा भाद्रपद ते आश्विनचा काळ कोणाच्या मालकीचा होता, ते पाहायला हवं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन यांनी केलेल्या अहवालात आदिवासींकडून घेतल्या जाणाऱ्या वेठीची नोंद आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्याची लग्नगडी होत आणि त्याच्या शेतात राबत. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे पुस्तक 1945 चं, आणि त्याच साली वारल्यांचा उठाव झाला. मे महिन्यात झरी इथे किसान सभेची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्याचे पुढारी होते. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक अनेक वाचकांनी वाचलं असेल. पावसाळा सरताच पुढचा संप झाला तो गवत कापणीच्या दरासाठी: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. तारखेकडे नीट पाहावं. गवत कापणी, भाताची सोंगणी आणि तारपा, तिन्हींचे दिवस एकच. जमीनदाराला मजूर नेमके तेव्हाच हवे असत. तरीही तारपा त्या काळात टिकला, कारण वेठ करणारा माणूस रात्री तरी पाड्यावर परतत होता. दारिद्र्याने तारपा मेला नाही, हे यातून नक्की होतं.

मग आज काय बदललं? रात्री परतणं संपलं. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैची मासेमारी बंदी उठते ती ऑगस्टमध्ये, आणि डहाणू-तलासरीतले शेकडो तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर चढतात. त्यांतले काही समुद्रात पाकिस्तानच्या हाती सापडून कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकल्याच्या बातम्या पालघरकरांना नव्या नाहीत. भात पिकतं तेव्हा हा पोरगा ओखा-पोरबंदरच्या समुद्रात असतो. घरी येतो तो मासेमारीचा हंगाम संपल्यावर, लग्नसराईत. हातात थोडे पैसे असतात, पाडा भरलेला असतो, आणि वाजायला तयार असतो कीबोर्ड. शिकायच्या वयातला मुलगा तारप्याच्या दिवसांत गावात नसेल, तर नाकाने श्वास घेत गालाने फुंकायचं त्याला शिकवणार कोण आणि कधी?

वीटभट्ट्यांवर कामाला जाणाऱ्यांचं स्थलांतर बहुतेक दिवाळीनंतर सुरू होतं, खलाशी काही सगळेच होत नाहीत, असं कोणी म्हणेल. खरं आहे, आणि म्हणूनच तारपा संपलेला नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावच्या भिकल्या लाडक्या धिंडा या वयोवृद्ध तारपकऱ्याचं नाव 2026 च्या पद्मश्रीच्या यादीत आलं, ही आनंदाचीच गोष्ट. पण सन्मान म्हातारपणी मिळतो आणि शिकणं तरुणपणी व्हावं लागतं. वारली चित्रांची वाट वेगळी झाली त्याचं कारणही इथेच आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नात सवाशिणी काढतात त्या चौकातलं चित्र कागदावर आणि कापडावर नेलं. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं युरोपात गेली, आणि तारप्याभोवतीचं ते नाचाचं वेटोळं जगाने भिंतीवर लावलं. चित्र बारा महिने काढता येतं आणि बारा महिने विकता येतं. त्यातल्या मधल्या माणसाच्या हातातलं वाद्य मात्र ऋतूला बांधलेलं राहिलं.

म्हणून सांस्कृतिक खात्याला आणि महोत्सव भरवणाऱ्या संस्थांना एक विनंती आहे. जानेवारीत मंचावर दहा मिनिटं तारपा वाजवून घेऊन मानधनाचं पाकीट देणं पुरे झालं. तोच पैसा ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत पाड्यावर राहणाऱ्या शिकाऊ मुलांना आणि त्यांना शिकवणाऱ्या तारपकऱ्यांना महिन्याच्या हिशेबाने द्यावा, आणि तो बोटीवरच्या मजुरीपेक्षा कमी नसावा.