गडी, संघ आणि जिमखाना : मुंबई-पुण्याच्या क्रिकेट सामन्यांचा एक सामाजिक अभ्यास (१८९२–१९४६)

मराठीत ‘गडी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. खेळात आपल्या बाजूने उतरणारा भिडू तो गडी, आणि घरी वा शेतावर वेतन घेऊन राबणारा चाकर तोही गडीच. आट्यापाट्या, हुतूतू, विटीदांडू या देशी खेळांतून पहिला अर्थ क्रिकेटच्या परिभाषेत सहज उतरला आणि ‘गडी बाद होणे’ हा प्रयोग रूढ झाला. व्यवहारात हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या आड येत नाहीत, कारण संदर्भावरून त्यांची फोड होते. परंतु मुंबई इलाख्यातील क्रिकेटच्या इतिहासात असा एक काळ येऊन गेला की, एकच मनुष्य दोन्ही अर्थांनी गडी होता. त्याला भिडू म्हणावयाचे की चाकर, हा प्रश्न तेव्हा केवळ शब्दार्थाचा उरला नव्हता. त्या प्रश्नाचा निकाल कसकसा लागत गेला, हे पाहिले असता विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील क्लबांच्या व इलाख्याच्या सामन्यांचे खरे स्वरूप ध्यानात येते.

१

मुंबईतील एतद्देशीयांच्या क्रिकेटचा प्रारंभ पारशी समाजाने केला. १८४८ मध्ये ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ निघाला. त्यानंतर १८६६ मध्ये ‘बॉम्बे युनियन’ हा हिंदूंचा क्लब स्थापन झाला. पुढील दोनतीन दशकांत हिंदूंचे जे क्लब उदयास आले, त्यांची नावे लक्षात घेण्याजोगी आहेत. गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती, तेलुगू अशी ती नावे होती. त्यांतील काही जातिवाचक, तर काही भाषावाचक होती. क्लब म्हणजे ज्यांचे एकमेकांच्या घरी जाणेयेणे आणि खाणेपिणे चालते, अशांनी सायंकाळी एकत्र येण्याचे ठिकाण, हीच त्या वेळची समजूत होती. सभासदत्वाची मर्यादा पंक्तिव्यवहाराच्या मर्यादेशी जुळलेली होती, आणि क्लबाचे नाव हीच त्या मर्यादेची पाटी होती.

इंग्रजांचा क्लबही या नियमाला अपवाद नव्हता. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात भारतीय मनुष्य सभासद म्हणून प्रवेश करू शकत नसे, केवळ नोकर म्हणून करू शकत असे. ‘जिमखाना’ हा शब्दही मोठा बोलका आहे. ‘गेंदखाना’ या हिंदुस्तानी शब्दातील पूर्वपदाच्या जागी व्यायामवाचक इंग्रजी शब्दाचा पहिला अवयव बसून तो सिद्ध झाला, असे सामान्यतः मानले जाते. शब्दाच्या घडणीत दोन भाषा एकत्र आल्या, परंतु त्या शब्दाने दर्शविलेल्या वास्तूत त्या भाषा बोलणारी माणसे मात्र एकत्र येऊ शकली नाहीत.

पारशी संघाने १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचे दौरे केले आणि १८९० मध्ये मुंबईत व्हर्नन यांच्या इंग्लिश संघास हरविले. या यशानंतर, लॉर्ड हॅरिस यांच्या गव्हर्नरपदाच्या कारकीर्दीत, १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने मुंबई व पुणे येथे नियमाने होऊ लागले. यांनाच ‘प्रेसिडेन्सी’चे, म्हणजे इलाख्याचे, सामने म्हणत. नाव इलाख्याचे असले तरी त्यांत समोरासमोर उभे राहणारे पक्ष प्रदेशाचे नव्हते, ते समाजाचे होते. मरीन लाइन्सच्या समुद्रकाठावर पारशी, इस्लाम व हिंदू असे तीन जिमखाने क्रमाने उभे राहिले, तेव्हा मैदानाच्या जमिनीवरही हीच विभागणी कायम झाली.

२

याच सुमारास पुण्यात पळवणकर बाळू या तरुणाचा क्रिकेटशी संबंध आला. १८७६ मध्ये धारवाड येथे चांभार कुटुंबात जन्मलेल्या बाळूचे वडील लष्करी खात्यात चाकरीस होते. बाळूने प्रथम पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व लोळविण्याचे काम महिना तीन रुपयांवर केले, आणि पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला, असे त्याचे चरित्र सांगणारे नमूद करतात. जाळे बांधणे, खेळपट्टी सिद्ध करणे आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे, ही त्याची कामे होती. हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेला जॉन ग्लेनी ग्रेग हा नामांकित फलंदाज त्याच्याकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेत असे. ग्रेगच्या नावाचा उच्चार देशी कानांना ‘जंगली’ असा वाटे आणि त्याच नावाने तो ओळखला जाई. आपणास बाद केल्याबद्दल ग्रेग बाळूला प्रत्येक वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मात्र फलंदाजीची संधी त्या क्लबात बाळूला मिळाली नाही, आणि हा भाग आख्यायिकेहून अधिक महत्त्वाचा आहे. फलंदाजी हे सभासदाचे काम आणि चेंडू टाकणे हे चाकराचे काम, अशी ही श्रमविभागणी होती.

येथवर बाळू दुसऱ्या अर्थाने गडी होता. पहिल्या अर्थाने तो गडी झाला, तो सामन्यांच्या निकडीमुळे. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांस हरवावयाचे होते. त्या युरोपियनांना रोज चेंडू टाकून ज्याने त्यांची प्रत्येक खोड हेरली होती, असा डावखुरा मंदगती गोलंदाज गावातच उपलब्ध होता. त्यास वगळणे म्हणजे पराभव पत्करणे होते, आणि त्यास घेणे म्हणजे पंक्तिव्यवहाराची मर्यादा मोडणे होते. क्लबाने यातून मधला मार्ग काढला. बाळू संघात आला, एकाच चेंडूला सर्वांचे हात लागू लागले. परंतु चहाच्या वेळी इतर खेळाडू मंडपात पेल्यांतून चहा घेत, तेव्हा बाळूला तो बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई.

ही घटना अनेकदा केवळ करुण प्रसंग म्हणून सांगितली जाते. अभ्यासकाने तीत दोन संस्थांमधील भेद पाहावयास हवा. ‘संघ’ आणि ‘क्लब’ या दोन शब्दांचा वापर आपण सैलपणे करतो; परंतु त्यांची तत्त्वे परस्परविरोधी आहेत. आपल्याबरोबर बसण्यास योग्य कोण, हा क्लबाचा प्रश्न असतो. प्रतिपक्षास हरविण्यास समर्थ कोण, हा संघाचा प्रश्न असतो. क्लब आपल्यापुरता खेळत राहिला, तर दुसरा प्रश्न उद्भवतच नाही. एका क्लबाचा दुसऱ्या क्लबाशी सामना ठरला की तो उद्भवतो, आणि प्रतिपक्ष जितका प्रबळ तितका तो टाळणे कठीण होते. बाळूला मैदानावर आणले ते कोणाच्या औदार्याने नव्हे. त्यास मैदानावर आणले ते सामन्याने.

३

पुढे बाळू मुंबईस आला व हिंदू जिमखान्याच्या वतीने खेळू लागला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन यांचा पहिला मोठा सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत संपले. हिंदूंना १०९ धावांनी मिळालेल्या या विजयात बाळूच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्याचा धाकटा भाऊ शिवराम हाही या संघात होता. सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या घटनेतील सामाजिक आशयाची दखल घेतली. पुण्यात ज्याला मंडपाबाहेर चहा मिळे, त्याला मुंबईत संघाच्या पंक्तीस जागा मिळाली होती.

येथे संघाच्या नावाचा विचार करणे आवश्यक आहे. जातिवाचक नावाच्या क्लबात बाळूला स्थान मिळणे शक्य नव्हते. ‘हिंदू’ हे नाव मात्र इतके विस्तृत होते की, त्यात त्याचा समावेश नाकारावयाचा तर नावाचाच अर्थ संकोचला असता. १९०७ मध्ये पारशी, युरोपियन व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाली. इंग्रजीत या स्पर्धांना त्रिकोण, चतुष्कोण, पंचकोण या भौमितिक आकृत्यांवरून नावे होती. मराठीने कोन सोडून रंग घेतला. कोन हा केवळ स्थान दाखवितो, तर रंग हा गुण दाखवितो. प्रत्येक समाज हा जणू एक निराळा, उपजत रंग आहे, ही त्या काळची धारणा या भाषांतरात नकळत उमटली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तेथे संघाची एकूण कामगिरी निराशाजनक झाली. परंतु वयाची पस्तिशी गाठलेल्या बाळूने शंभराहून अधिक बळी मिळविले. या दौऱ्यानंतर त्याच्या गुणवत्तेविषयी वाद उरला नाही.

४

वाद उरला तो नेतृत्वाचा. मैदान खुले झाले आणि पंक्तही काही अंशी खुली झाली, तरी आज्ञा देण्याचा अधिकार अद्याप बंद होता. याचे कारण समजण्यासारखे आहे. गोलंदाजाला जागेवर उभे करण्याचा, त्यास थांबविण्याचा, सवर्ण खेळाडूला सीमेवर धाडण्याचा अधिकार कर्णधाराकडे असतो. चाकर भिडू झाला, हे एक वेळ समाजाने सोसले. तो धनी व्हावा, हे सोसणे अधिक अवघड होते. १९१३ मध्ये हिंदू संघाचे नेतृत्व एम. डी. पै यांच्याकडे आले, तेव्हा हा मान ज्येष्ठतेने बाळूकडे जावयास हवा होता, असे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. व्यक्तीची न्यायबुद्धी संस्थेच्या पुढे गेल्याचे हे उदाहरण होय.

१९२० मध्ये हा प्रश्न चिघळला. बाळूला वगळण्यात आले आणि पै खेळू न शकल्यामुळे रिकामे झालेले नेतृत्व, पळवणकर विठ्ठल हा अनुभवाने ज्येष्ठ असताही, दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या दोघा बंधूंनी जाहीर निवेदन करून संघातून अंग काढून घेतले. ते वर्ष असहकाराचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूर काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणाचे आवाहन केले. अशा वातावरणात जातीच्या कारणाने नेतृत्व नाकारल्याचा आरोप निवड समितीस पेलवला नाही. अंतिम सामन्यासाठी बंधूंना परत बोलावण्यात आले आणि बाळूस उपकर्णधार नेमण्यात आले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांचा पराभव करून चौरंगी स्पर्धा जिंकली. चार रुपयांच्या चाकरीपासून या विजयापर्यंत एका कुटुंबाला सुमारे तीस वर्षे लागली.

यात एक गोष्ट विसरता येत नाही. १९१३ मध्ये बाळूचे वय सदतीस होते आणि १९२० मध्ये चव्वेचाळीस. नेतृत्वाचा अधिकार मान्य होईतो ज्याच्या बळावर तो मिळाला त्याची खेळण्याची वर्षे संपत आली होती. हक्क मान्य झाला. परंतु तो भोगावयास मिळाला धाकट्या भावाला.

५

पळवणकर बंधूंचा हा विजय ‘हिंदू’ या नावाच्या चौकटीत झाला, आणि त्या चौकटीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. जे नाव जातीपेक्षा विस्तृत असल्यामुळे बाळूस उपकारक ठरले, तेच नाव राष्ट्राच्या वा प्रांताच्या दृष्टीने संकुचित होते. १९३७ मध्ये पंचरंगीत जो पाचवा संघ आला, त्याला स्वतःचे नावच नव्हते. ख्रिस्ती, ज्यू आदी उरलेल्या सर्वांचा तो ‘इतर’ संघ होता. सांगलीचे विजय हजारे भाषेने मराठी होते, परंतु धर्माने ख्रिस्ती असल्यामुळे ते या ‘इतरां’त गणले गेले. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. ज्या फलंदाजाला स्वतःच्या नावाचा रंगही स्पर्धेने दिला नव्हता, त्याने ही खेळी करावी, हा त्या वर्गीकरणावरील सर्वांत परिणामकारक अभिप्राय ठरतो.

दरम्यान १९३४ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू होऊन समाजाऐवजी प्रांत हा संघरचनेचा पाया झाला होता. १९२० च्या वादात ज्यांचे नाव आले, त्याच देवधरांच्या नेतृत्वाखाली ‘महाराष्ट्र’ या नावाच्या संघाने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे हा करंडक जिंकला. भाषिक राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी सुमारे दोन दशके हे नाव क्रिकेटच्या धावफलकावर येऊन गेले होते. पंचरंगी स्पर्धेचे आकर्षण मात्र प्रांतिक सामन्यांहून मोठे राहिले. १९४० मध्ये महात्मा गांधींनी जातीय तत्त्वावरील सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केल्यानंतरही ती काही वर्षे चालली व १९४६ मध्ये बंद पडली.

या सर्व घटनाक्रमातून एक निष्कर्ष निघतो. संघाची सीमा क्लबाच्या सीमेबाहेर गेली की समाजातील अडसर दूर होण्यास आरंभ होतो. परंतु ते एकदम दूर होत नाहीत, ठरावीक क्रमाने होतात. प्रथम मैदान, मग पंक्त, आणि अगदी शेवटी नेतृत्व. ज्याच्या श्रमाची व कौशल्याची गरज असते त्याला आत घेण्यास समाज लवकर तयार होतो. त्याच्या आज्ञेत वागण्यास उशिरा. क्रिकेटचे धावफलक पहिल्या गोष्टीची नोंद ठेवतात, कारण बळी व धावा मोजता येतात. दुसरीची नोंद त्यांत नसते. ती चहाच्या भांड्यात, निवड समितीच्या निर्णयात आणि संघांच्या नावांत शोधावी लागते. पळवणकर बाळूचे १९५५ मध्ये निधन झाले. त्याच्या बळींची संख्या नमूद आहे. ज्या सामन्यांत कर्णधार होण्याची पात्रता असून त्याने दुसऱ्याच्या आज्ञेने चेंडू टाकला, त्यांची गणना मात्र कोणत्याही फलकावर झालेली नाही.