पैसे सगळ्यांचे, मत मोजक्यांचं

मेंटेनन्सवरून वाजलं नाही अशी सोसायटीची मीटिंग पाहिलीय का कुणी? आज जाऊया अमेरिकेत, न्यू जर्सीमधल्या रॅडबर्नला. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेली ही १९२९ सालची वसाहत. घरांची तोंडं बागेकडे, गाड्या मागच्या गल्लीत. पोरांनी रस्ता न ओलांडता शाळेत जावं, ही कल्पना. नकाशा बघूनच मला हेवा वाटला.

बागा वगैरे सांभाळायला रॅडबर्न असोसिएशन. वर्गणी प्रत्येक घरमालकाला सक्तीची. आपल्याकडे फ्लॅट घेतला की शेअर सर्टिफिकेट मिळतं, आपण सभासद होतो. तिथे सभासद कोण? फक्त आजी-माजी विश्वस्त! निवडणुकीला कोण उभं राहणार, हेही बरंचसं त्यांच्याच हातात. बाकीच्यांनी पैसे भरायचे आणि समोर आलेल्या नावांतून निवडायचं. याला निवडणूक म्हणायचं?

२००६ मध्ये काही रहिवासी कोर्टात गेले. हिशोब नीट दाखवा, निवडणूक खुली करा, एवढंच मागणं. हिशोबाचा मुद्दा कोर्टाला पटला. निवडणुकीवर मात्र २०१० मध्ये अपील कोर्टानेही असोसिएशनचीच बाजू घेतली. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं ना!

मग कायदाच बदलायची खटपट सुरू झाली. जुलै २०१७ मध्ये तो बदलला. आता न्यू जर्सीतल्या अशा वसाहतींत प्रत्येक घरमालक सभासद. मतही देऊ शकतो, उभाही राहू शकतो. त्याला 'रॅडबर्न लॉ' म्हणतात. वसाहत वसल्यावर तब्बल ८८ वर्षांनी.