पाटीच्या दगडाचें गांव : ब्लायनाय फेस्टिनिऑग

उत्तर वेल्समधील ब्लायनाय फेस्टिनिऑग हें डोंगरांच्या कुशींतलें लहानसें गांव पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. हें स्थळ आमच्या इतिहासाच्या कक्षेबाहेरचें. मग त्याचा परामर्श या त्रैमासिकांत कशास, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, जुने कागद टिकवावे कसे, आणि मुळांत कोणाचे कागद टिकवण्याजोगे समजावे, या दोन्ही प्रश्नांवर या गांवाइतका बोलका पुरावा आमच्या पाहण्यांत दुसरा आला नाहीं.

प्रथम नांवाविषयीं. वेल्श भाषेंत 'ब्लायन' म्हणजे अग्र किंवा टोंक. 'ब्लायनाय' हें त्याचें अनेकवचन. फेस्टिनिऑगच्या दरीचा शिरोभाग तो हा. पाटीच्या दगडांस तेथील लोक 'लेखि' अशासारख्या उच्चाराचा शब्द योजतात. तो कानीं पडतांच संस्कृत 'लिख्' धातूची आठवण होऊन मन मोहांत पडतें. परंतु त्या शब्दाचें मूळ सपाट शिळा या अर्थाच्या जुन्या केल्टिक शब्दांत आहे. लेखनाशीं त्याचा संबंध नाहीं. ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ति नव्हे, हा धडा येथेंही उपयोगीं पडला.

हा दगड म्हणजे पंचेचाळीस कोटी वर्षांच्या आसपास समुद्राच्या तळाशीं सांचलेला, आणि पुढें प्रचंड दाबानें घट्ट झालेला चिखल. त्याचे पातळ पापुद्रे निघतात. त्यांचीं छपरें आमच्या कौलांप्रमाणें घरोघर दिसतात. आमच्या पिढीनें ज्या दगडी पाटीवर मुळाक्षरें गिरवलीं ती याच जातीची. येथील दगडाचे थर तिरपे जमिनींत उतरत असल्यामुळें तो उघड्या खाणींतून काढतां येईना. डोंगराच्या पोटांत मजल्यामागून मजले कोरावे लागले. मजूर मेणबत्तीच्या उजेडांत, मांडीभोंवतीं सांखळी गुंडाळून कड्यावर लोंबकळत, सुरुंगासाठीं छिद्रें पाडीत. माल बंदरावर नेण्यासाठीं इ. स. १८३६ मध्यें अरुंद लोहमार्ग झाला. भरलेल्या गाड्या उतारानें आपोआप खालीं जात व रिकाम्या घोडे वर ओढून आणीत. वाफेचीं इंजिनें आलीं तीं १८६३ मध्यें. १८८१ च्या शिरगणतींत या परिसराची वस्ती अकरा हजारांवर होती. २०११ मध्यें ती पांच हजारांच्या आंत आली.

दगडाहून आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटलें तें खाणीचें दप्तर. कामाची पद्धति मक्त्याची होती. कड्याचा ठराविक भाग तीन-चार मजुरांच्या टोळीस महिन्याच्या बोलीनें मिळे. दगड कसा आहे तें पाहून दर ठरे. दारू, दोर, सांखळी यांचा खर्च मजुरीतूनच वळता होई. दोघे आंत दगड पाडीत, इतर बाहेर बसून तो छिन्नीनें चिरीत व कापीत. तयार पाट्यांस आकारमानाप्रमाणें डचेस, काउंटेस, लेडी अशीं सरदारणींचीं नांवें होतीं. सरदारणींचा हिशेब मजुरांच्या नांवें लिहिलेला, असें हें चमत्कारिक खातें आहे. कोणत्या टोळीस कोणता कडा, कोणता दर, किती कापून घेतलें, हें सर्व या वह्यांतून उलगडतें. आणि राजेरजवाड्यांच्या सनदांत जें कधींच सांपडत नाहीं, तें एका कष्टकरी गांवाचें वर्ष हातीं लागतें.

दुसरा कागद याहून मोलाचा. खाणीच्या पोटांत दुपारच्या भोजनासाठीं 'काबान' नांवाची खोली असे. तेथें मजूर जेवणाच्या अल्प वेळांत अध्यक्ष निवडून सभा भरवीत, वादविवाद करीत, काव्यगायनाच्या स्पर्धा लावीत. लेख्वेद खाणींतील अशा एका काबानाची विसाव्या शतकाच्या आरंभींची इतिवृत्ताची वही उपलब्ध आहे. ज्यांच्या वर्गण्यांनीं १८८४ मध्यें बांगोर येथें महाविद्यालय उभें राहण्यास हातभार लागला, ते लोक हेच.

आतां जतनाचा प्रश्न. १९३९ मध्यें युद्धाच्या तोंडावर लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंतील चित्रें वेल्समधील निरनिराळ्या इमारतींत हलवलीं होतीं. पुढें तींही ठिकाणें निर्धोक वाटेनात. म्हणून १९४१ मध्यें तीं या गांवाजवळच्या मॅनॉड खाणींत आणलीं. वर दोनशे फुटांहून अधिक जाडीचा खडक. मोठीं चित्रें आंत जावींत म्हणून खाणीचें मुख सुरुंगानें रुंद केलें. वाटेंतील रेल्वेच्या पुलाखालचा रस्ता खणून खोल केला. गुहेंत विटांच्या खोल्या बांधल्या. खाणींतील हवा बारमास सुमारें ४७ अंश फॅरनहाइट, पण अतिशय ओलसर. ती खोल्यांत ६३ अंशांपर्यंत तापवली कीं तिच्यांतील ओलाव्याचें सापेक्ष प्रमाण पुष्कळ खालीं येऊन तेथेंच स्थिर राही. लंडनमध्यें ज्या लांकडी फळ्यांवरील रंगाचे पोपडे सतत बसवावे लागत, त्यांची दुरुस्ती येथें जवळजवळ थांबली. युद्धानंतर चित्रशाळेंत हवा नियंत्रित करण्याचे प्रयत्न झाले, त्यांच्या मुळाशीं हाच अनुभव होता. मार्टिन डेव्हिस या अधिकाऱ्यानें तर याच वनवासांत संग्रहाच्या शास्त्रशुद्ध सूचींचें काम पुढें नेलें.

यांतील मर्म आमच्या संग्राहक मित्रांनीं ध्यानांत घ्यावें. पोथीचा शत्रु केवळ वाळवी व कसर नव्हे. ओलें-कोरडें, ओलें-कोरडें हा पालट तितकाच घातक. पावसाळ्यांत गळका वाडा, उन्हाळ्यांत पत्र्याखालची तापलेली खोली, अशा येरझाऱ्यांत ताडपत्र तडकतें व कागद वळतो. जाड भिंतींची, सावलीची, आंतल्या बाजूची कोरडी खोली निवडून पोथ्या एकाच जागीं ठेवल्या, तर पुढच्या पुष्कळशा डागडुजीची गरजच पडणार नाहीं.

या गांवाची एक खंत मात्र सांगितली पाहिजे. भोंवतींच्या दगडी ढिगाऱ्यांमुळें १९५१ मध्यें राष्ट्रीय उद्यानाची सीमा आंखतांना या गांवास मुद्दाम वगळलें. नकाशांत तें बेटासारखें उरलें. दगडाच्या धुळीनें छाती पोखरलेल्या मजुरांस भरपाई देणारा कायदा झाला तो १९७९ मध्यें, बहुतेक खाणी बंद पडल्यावर. आणि २०२१ मध्यें युनेस्कोनें वायव्य वेल्सचा पाटी-प्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला, तेव्हां कुरूप म्हणून वगळलेले तेच ढिगारे वारसा ठरले.

तात्पर्य, आज जो पसारा अडगळ वाटतो तोच उद्यां साधन ठरतो. आमच्या डोंगरांतही पाथरवट आहेत, खाणी आहेत, मजुरीच्या वह्या आहेत. सनदा व बखरी शोधणाऱ्या हातांनीं या वह्यांचे रुमालही सोडून पाहावेत, आणि ते रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावेत, एवढीच विनंति.