युद्धकालीन भित्तिपत्रके आणि वंशद्वेष

सैन्यभरती, युद्धरोख्यांची विक्री आणि कारखान्यांतील उत्पादनवाढ यांसाठी दोन्ही महायुद्धांत भित्तिपत्रकांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. १९१७ च्या सुमारास हॅरी हॉप्स या चित्रकाराने अमेरिकी सैन्यभरतीसाठी काढलेल्या भित्तिपत्रकात जर्मनी हा शिरस्त्राण घातलेल्या गोरिलाच्या रूपात दिसतो. शत्रूला पशुरूप देण्याची ही रीत दुसऱ्या महायुद्धात उघड वंशद्वेषाच्या थराला गेली.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर अमेरिकेत जपानविरोधी चित्रांचे पेव फुटले. जर्मनीविरोधी प्रचाराचा रोख बहुधा हिटलर व नाझी यांच्यावर असे. जपानच्या बाबतीत मात्र अवघा वंशच शत्रू ठरला. पुढे आलेले दात, जाड भिंगांचा चष्मा, पिवळी कातडी या त्याच्या ठरावीक खुणा. कधी उंदीर, कधी माकड अशीही रूपे त्याला दिली गेली. डग्लस एअरक्राफ्ट या विमान कंपनीने मालाची नासाडी थांबविण्यासाठी 'टोकिओ किड' ही भित्तिपत्रकांची मालिका काढली. टोकदार कानांचे, सुळ्यांचे हे पात्र मोडक्या इंग्रजीत कामगारांच्या नासाडीबद्दल आनंद व्यक्त करी.

जपानी वंशाच्या लोकांविषयीचा आकस अमेरिकेत जुनाच होता. १९२४ च्या कायद्याने जपानी स्थलांतर जवळजवळ बंदच केले होते. युद्धकालीन चित्रांनी शत्रुसैनिक आणि अमेरिकेत जन्मलेला जपानी वंशाचा नागरिक यांतील भेदही पुसून टाकला. पुढे बालसाहित्यामुळे जगप्रसिद्ध झालेल्या डॉ. स्यूस यांनी १३ फेब्रुवारी १९४२ च्या एका व्यंगचित्रात पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाचे लोक स्फोटके घेण्यासाठी रांगेत उभे दाखविले. त्यानंतर सहाच दिवसांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. त्यान्वये सुमारे १ लाख २० हजार लोकांची छावण्यांत रवानगी झाली. त्यांपैकी जवळपास दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते.

जपानी प्रचारही या दोषातून मुक्त नव्हता. त्यात रूझवेल्ट व चर्चिल यांना शिंगे असलेल्या राक्षसांचे रूप दिले जाई.

१० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याद्वारे अमेरिकेने या स्थानबद्धतेबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २० हजार डॉलर भरपाई देऊ केली. वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही या अन्यायाची कारणे कायद्यातच नमूद आहेत. यांतील पहिल्या दोहोंना खतपाणी घालण्याचे काम या चित्रांनी केले होते.