सेलबारी–डोलबारी डोंगररांगा

सह्याद्रीच्या उत्तर टोकाकडील डोंगररांगा. महाराष्ट्र–गुजरात सीमेवर, मुख्यतः नाशिक जिल्ह्याच्या बागलाण (सटाणा) तालुक्यात पसरलेल्या. पश्चिमेस गुजरातचा डांग जिल्हा असून त्यापलीकडे सुरतचे मैदान लागते. या भागात खिंडीला ‘बारी’ म्हणतात. तीच या नावांत आली आहे.

भूरचना : खडक दख्खनच्या लाव्हाचा, काळा बेसाल्ट. सेलबारी रांगेवर मांगी-तुंगीचे जोडसुळके, न्हावीगड व तांबोळ्या. डोलबारीवर साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरागड आणि हरगड. साल्हेर (१,५६७ मी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, राज्यात त्याहून उंच शिखर कळसूबाईचेच (१,६४६ मी.). डांगच्या अंगाला पाऊस भरपूर, म्हणून तिकडे साग-बांबूचे दाट रान. पूर्वेस बागलाणात पाऊस कमी, तिथे डाळिंब, द्राक्षे व कांदा. मुल्हेरवरून वाहणारी मोसम नदी मालेगावजवळ गिरणेला मिळते, गिरणा तापीला. म्हणजे बागलाणच्या या डोंगरांवरचे पाणी मोठा वळसा घेऊन सुरतेवरूनच समुद्रास मिळते.

इतिहास : मुल्हेर ही बागलाणच्या बागूल राजांची राजधानी, १६३८ मध्ये औरंगजेबाने हा मुलूख मोगलांकडे घेतला. सुरत बंदर व दख्खन यांमधला व्यापारी मार्ग बागलाणातून जाई, त्यामुळे इथल्या किल्ल्यांना मोल होते. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून शिवाजी महाराज याच वाटेने परतले व त्यांनी दिंडोरीजवळ मोगलांना हरवले. १६७१ मध्ये साल्हेर स्वराज्यात आला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी त्याला पडलेला मोगलांचा वेढा मोडला. मोगलांच्या मोठ्या फौजेला मराठ्यांनी उघड्या मैदानात हरवल्याची ही लढाई. तीत सूर्यराव काकडे धारातीर्थी पडले.

पर्यटन : साल्हेरला वाघांबे व साल्हेरवाडी या दोन्ही गावांतून वाट आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग पठारावर गुहा व गंगासागर तलाव. सर्वोच्च माथ्यावर परशुरामाचे छोटे मंदिर. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला, अशी आख्यायिका आहे. हवा स्वच्छ असली की माथ्यावरून मांगी-तुंगी, सप्तशृंगी व धोडप ओळखता येतात. मांगी-तुंगी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. तेथील ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ मध्ये झाली. सुरतकरांना ओळखीचे सापुतारा हे थंड हवेचे ठिकाण डांगमध्येच, सुरतेहून सुमारे १६० किमी.वर आहे. हिरवाईसाठी पावसाळा, तर चढाईसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसात पायऱ्या निसरड्या होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलेल्या बारा मराठा किल्ल्यांत साल्हेरचा समावेश आहे. त्यामुळे इथली वर्दळ वाढेल. गडावरची टाकी व पायथ्याचे रान जपण्याची जबाबदारी येणाऱ्या प्रत्येकाची आहे.